आधी ‘नाही’ म्हणा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते डॉ. इंदुमती शेवाळे यांचे. सध्या त्या माझ्याशी बोलत नाहीत. बोलत होत्या तेव्हाही ते बोलणं कानाला गोड लागायचं असं नाही.

त्या छातीच्या डॉक्टर. नाशिकमधल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचा संशोधन विभाग आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय आणि त्यातच मधुमेह, अशा दोन्ही बाजूंनी पकडलेल्या माणसांना नवी औषधं लागू पडतात का, उपचार कमी महिन्यांत संपवता येतो का, हे तिथे तपासलं जातं. मी तिथला समन्वयक. रुग्णांना तारखा द्यायच्या, त्यांच्या बेडक्याच्या डब्या वेळेत प्रयोगशाळेत पोचवायच्या, कागदपत्रं लावायची, आणि मॅडमचा राग निघेल तेव्हा समोर उभं राहायचं. शेवटचं काम नेमणूकपत्रात नव्हतं, पण दिवसाचा बराच वेळ त्यातच जायचा.

माझे वडील इगतपुरीला रेल्वेच्या रुळांवर कामाला होते. शाळा घोटीला झाली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा त्या विषयाचं नाव आईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. ती सगळ्यांना सांगायची, ‘जंतूंचं शिकलाय.’ मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे मात्र मी जंतूंच्या कितीतरी आधी शिकलो होतो.

मुलाखतीला आम्ही पाच-सहा जण होतो. मॅडमनी एकेकाला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. खाली काच लावलेली होती. ‘क्षयाचे जंतू किती दिसतात?’ माझ्या आधीचे आत जाऊन येत होते आणि बाहेर कुजबुजत होते, कुणाला दोन दिसले, कुणाला चार. मी डोळा लावला. निळं मैदान, बाकी काही नाही.

‘नाही दिसत, मॅडम.’

‘नीट बघा.’

मी काच सरकवून पुन्हा पाहिलं. ‘नाही.’

‘तुमच्या आधीच्या सगळ्यांना दिसले. तुमचे डोळे काय घोटीला राहिले?’

माझे कान तापले. घोटीचं नाव त्यांनी घ्यायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, ‘त्यांना दिसले असतील, मला दिसत नाहीत. काच रिकामी आहे.’

‘सोमवारपासून या,’ त्या म्हणाल्या. काच रिकामीच होती. मी आनंदाने वाकून नमस्कार करायला गेलो, तर त्यांनी खुर्ची मागे ओढली. ‘हे असलं इथे करायचं नाही. पाठ दुखते का? मग ताठ उभे राहा.’

त्या कुणालाच अरे-तुरे करत नसत. शिव्याही अहो-जाहो घालून द्यायच्या. ‘अहो गाढव’ हे संबोधन मी आयुष्यात फक्त त्यांच्या तोंडून ऐकलं. जेवण उभ्यानेच, खिडकीशी, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. स्कूटर इतकी जुनी की तिचा आवाज गंगापूर रोडच्या वळणावर आला की आमच्या मजल्यावर लोक टेबलं आवरायला लागायचे. खिडक्या बंद करणं हा त्यांच्या विभागात गुन्हा होता. कोंडलेल्या हवेत क्षय पसरतो म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्यांच्या कड्याच काढून टाकल्या होत्या. जानेवारीत नाशिकची थंडी कशी असते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना कळेल की आम्ही कानटोपी घालून संगणकावर का बसायचो. एकदा लेखा विभागातल्या एका बाईंनी थंडीने कुडकुडत विनंती केली, ‘मॅडम, निदान एक तरी खिडकी.’ मॅडम म्हणाल्या, ‘क्षय झाला की ताप येतो, तेव्हा ऊब मिळेल.’

मला त्यांनी काय दिलं ते सांगायला हवं. इंग्रजी अहवाल लिहायला शिकवलं, तेही प्रत्येक ओळीवर लाल शाई ओतून. रजा देऊन पदविका करायला लावली. औषध कंपनीच्या माणसांसमोर खाली मान घालून बसलो की टेबलाखाली चप्पल मारायच्या. आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे आहे, आणि हे मी वडिलांना घेऊन त्यांना सांगायला गेलो ती वेळ तर विसरणंच शक्य नाही. नोकरीचं पहिलं वर्ष पूर्ण झालं तेव्हा वडिलांनी घरच्या इंद्रायणी तांदळाची गोणी खांद्यावर घालून तिसऱ्या मजल्यावर आणली. मॅडमनी गोणीकडे पाहिलं आणि वडिलांना विचारलं, ‘हा तांदूळ मी खाल्ला आणि उद्या तुमच्या मुलाला कामावरून काढायची वेळ आली, तर काढू कशी?’

वडील गोंधळले. ‘नका काढू, बाई.’

‘म्हणून नको मला.’

गोणी परत खाली गेली. वडिलांनी ती बसस्टँडपर्यंत परत वाहून नेली. मग म्हणाले, ‘बाई शहाणी असंल. पण बापाला असं जिन्यावरून परत लावत नसतेत.’ त्या दिवशी मला मॅडमचा मनापासून राग आला. आजही तो पूर्ण गेलेला नाही.

पण त्या तांदळामागे मॅडमचा सगळा विचार होता. रुग्णही असंच काहीतरी आणायचे. मखमलाबादकडून कोथिंबिरीच्या जुड्या, निफाडकडून द्राक्षं, कुणी घरचं तूप. मॅडम सगळं परत पाठवायच्या. त्यांचं म्हणणं एकच: ‘इथे उपकार होत नाहीत, प्रयोग होतो. औषध लागू पडेल का, मला माहीत नाही. माहीत असतं तर प्रयोग कशाला केला असता? आणि ज्याला वाटतं की मी उपकार करतेय, तो मला कधी नाही म्हणेल का? भीड भिकेची बहीण. भिडेने दिलेली संमती मी कागदावर घेणार नाही.’

चाचणीत यायचं तर रुग्णाची लेखी संमती लागते. सगळे धोके त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचे, त्याचं चित्रीकरण करायचं, मगच सही. बहुतेक ठिकाणी हे काम अर्ध्या तासात उरकतं. मॅडमकडे उरकायचं नाही. जो लगेच हो म्हणायचा त्याला त्या परत पाठवायच्या. ‘घरी जा. विचार करा. कुणाशी तरी भांडा. एकदा नाही म्हणून दाखवा, मग बघू.’ नाही म्हणता येतं हे सिद्ध झाल्याशिवाय होकाराला किंमत नाही, असं त्यांचं गणित होतं. मला ते पटलं होतं. परिषदांमध्ये त्या हे सांगायच्या तेव्हा मी मागच्या रांगेत अभिमानाने बसायचो.

सोमनाथ आमच्याकडे आला तो असाच. सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला. माझ्या शाळेपासून दोन गावं सोडून त्याचं गाव. क्षयाची नेहमीची औषधं घेऊनही बेडका साफ होत नव्हता, आणि रक्तातली साखर वर. बायको अलका बरोबर होती. ती बाहेर गॅलरीतल्या बाकावर बसली. आत कॅमेरा लावला, मॅडमनी एकेक धोका वाचून सांगितला. पायांना मुंग्या येऊ शकतात. रक्त कमी होऊ शकतं. डोळ्यांच्या नसेवर परिणाम होऊ शकतो, नजर अंधूक होऊ शकते. वेळेत सांगितलं तर औषध थांबवता येतं. चाचणीत यायचं नसेल तर सरकारी दवाखान्यात दुसरा उपचार मिळतो. ‘कळलं?’

‘व्हय मॅडम. तुम्ही द्याल ते औषध.’

मॅडमनी कॅमेरा बंद केला. ‘मी विष दिलं तर?’

‘तुम्ही कशाला द्याल?’ तो हसला.

‘घरी जा,’ मॅडम म्हणाल्या. आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. ‘तोंडात जीभ आहे ना? ती घेऊन या पुढच्या वेळी.’

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. खुर्चीवर बसला आणि मॅडमनी काही विचारायच्या आत म्हणाला, ‘नाही.’

‘काय नाही?’

‘नाय घ्यायचं मला ते औषध.’

मॅडमचे डोळे चमकले. ‘का?’

‘माझं काम डोळ्याचं हाय. लेथवर सुताएवढं चुकलं तर पीस वाया.’

मॅडम पुढे सरकून बसल्या. तासभर त्याच्याशी बोलल्या. इतक्या शांतपणे त्या कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. दर महिन्याला डोळे तपासू, जराही फरक वाटला तर त्याच दिवशी सांगायचं, त्याच दिवशी औषध बंद. शेवटी त्याने सही केली. तो गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, ‘पाहिलंत? आता हा माणूस स्वतःच्या पायाने आलाय.’

औषध लागू पडलं. खोकला थांबला, वजन वाढलं, बेडका साफ झाला. दर महिन्याला सोमनाथ यायचा. ‘कसं आहे?’ ‘लय भारी, मॅडम.’ ‘डोळे?’ ‘एकदम क्लिअर.’ भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तो शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचायचा.

तो तक्ता गॅलरीच्या भिंतीवर होता, रुग्णांच्या बाकासमोर. पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि तक्त्याचा खालचा भाग फुगला, म्हणून मी तो काढून दुसरा लावला. मराठी अक्षरांचाच, फक्त अक्षरं वेगळी. त्या दिवशी सोमनाथची तारीख होती. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्याने एका डोळ्यावर हात ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. ‘प, ल, ग. त, र, म, च.’

तक्त्यावर पहिल्या ओळीत ‘न’ आणि ‘स’ होते.

तो वाचतच होता. शाळेत पाढे म्हणतात तसा, मान किंचित हलवत, एकदाही न अडखळता, भिंतीवर नसलेला तक्ता. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

‘थांबा,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या साडीचा रंग कोणता?’

सोमनाथने मान पुढे काढून डोळे बारीक केले.

‘सोमनाथ, रंग.’

‘मातकट,’ तो म्हणाला. साडी हिरवी होती.

‘केव्हापासून?’

‘पोळ्याच्या सुमारास जरा धुरकट झालं. मंग बाकावर बसून पाठ केलं.’

मॅडम ओरडल्या. त्या मजल्यावर त्या रोज ओरडायच्या, पण हे वेगळं होतं. ‘नजर गेली तरी चालेल, पण मॅडमला वाईट वाटायला नको, असं का? अहो मूर्ख माणसा, मी कोण लागते तुमची?’ मग माझ्याकडे वळल्या. ‘हे तुमचं काम. गोड बोलता ना यांच्याशी? गावाकडच्या गप्पा! या गोडपणाने माणसं आंधळी होतात.’ सोमनाथ मान खाली घालून उभा होता. अलका बाकावरून उठून जिन्याजवळ गेली होती, जणू मॅडम तिलाच रागावत होत्या.

औषध तिथल्या तिथे बंद झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर परत येईल, पण किती येईल ते काही महिन्यांनी कळेल. वर्कशॉपच्या मालकाने सोमनाथला लेथवरून काढून पॅकिंगला बसवलं. डोळे परत आले नाहीत तर तेही किती दिवस, कोण सांगणार?

चाचणीत कुणाला इजा झाली की तिचं कारण शोधून अहवाल चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीकडे पाठवावा लागतो. पुढचा उपचार आणि भरपाई त्यावर ठरते. कंपनीचा निरीक्षक मुंबईहून आला. अतिशय नम्र माणूस. चहा घेतानाही दोन वेळा आभार मानायचा. म्हणाला, ‘मॅडम, साखरेमुळेही डोळे जातात ना. औषधाचाच दोष कसा म्हणणार?’

‘साखर आहे हे माहीत असूनच घेतलंत त्याला,’ मॅडम म्हणाल्या. ‘तेव्हा बरी गोड लागली?’

‘तसं नाही, मॅडम...’

‘तसंच आहे. नसेचे फोटो बघा. वाचता येत नसतील तर मुंबईला परत जा आणि ज्याला येतात त्याला पाठवा.’

त्या दिवशी मला त्यांच्याविषयी जेवढा आदर वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. तासभराने निरीक्षकाने औषधाचं कारण मान्य केलं. मग उठता उठता म्हणाला, ‘पण मॅडम, पेशंटने स्वतः लपवलं, एवढं तरी अहवालात यायला हवं.’

‘ते येईल,’ मॅडम म्हणाल्या. ‘लपवलंच. भिडेपोटी.’

निरीक्षक समाधानाने गेला. मला मात्र कळलं की साखरेच्या नावाने त्याला जे मिळालं नव्हतं, ते मॅडमनी आपल्या हाताने दिलं. दोष औषधाचा, पण चूक सोमनाथची. अहवालाचा मसुदा माझ्याकडे सहीला आला. समन्वयक म्हणून माझीही सही त्यावर लागत होती.

सही करण्याआधी मी सातपूरला सोमनाथच्या खोलीवर गेलो. दोघंही घरी होते. मी अलकाला विचारलं, ‘वहिनी, नजर कमी झालेली तुम्हालाही माहीत होती?’

‘मीच तर तक्ता कागदावर उतरवून त्यांच्याकडून पाठ करून घेतला,’ ती म्हणाली. ‘रोज बसवायची.’

‘पण का? मॅडमनी सांगितलं होतं ना, त्याच दिवशी सांगा म्हणून?’

‘सांगितलं व्हतं. आणि पहिल्याच दिवशी हाकललंबी व्हतं. औषधानं माणूस उठून बसलेला, आता डोळ्याचं सांगून परत हाकलून घ्यायचं का?’

‘हाकललं नव्हतं. विचार करायला पाठवलं होतं. म्हणून तर ते दुसऱ्या दिवशी येऊन नाही म्हणाले.’

 अलका हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. ‘भाऊ, तुम्ही तिथं एवढी वर्सं काम करता. तुम्हाला ठावं नाय? त्या दिवशी हे रडकुंडीला येऊन बाहेर आले, तवा बाकावरच्या एका मावशीनं सांगितलं, आत गेल्यावर आधी नाही म्हणायचं. नाही म्हटल्याबिगर त्या बाई घेतच नाहीत. कारण विचारत्यात, तेबी तयार ठिवायचं. मी म्हटलं, डोळ्याचं सांगा. सगळेच तसं करत्यात.’

सगळेच. ज्या नकाराचं मॅडम परिषदांमध्ये कौतुक करायच्या, तो बाकावर एकमेकांना शिकवला जात होता. आत जायच्या आधी चप्पल बाहेर काढावी तसा.

मी सोमनाथकडे वळलो. ‘तुला मॅडमना वाईट वाटेल असं वाटायचं का रे?’

‘वाईट?’ तो म्हणाला. ‘भाऊ, त्यांच्यापुढं मला खोकलायलाबी भ्या वाटायचं. मंग बोलणार काय?’

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या शेंगदाणे खात उभ्या होत्या. ऐकता ऐकता हात थांबला. ‘बाकावरच्या बायकांच्या गप्पांवर अहवाल लिहायचा का आता?’

‘मॅडम, अहवालात ‘भीड’ असं लिहिलंय. ती भीड नव्हती. तो तुम्हाला घाबरत होता.’

‘मला?’

‘सगळेच घाबरतात. नाहीसुद्धा तुमच्याच धाकाने म्हणतात.’

‘मी ओरडले नसते तर इथे अंगठे लावून रांगा लागल्या असत्या. कंपन्यांना तेच हवंय. तुम्हालाही तेच हवंय. सगळ्यांनी गोड राहावं, तांदूळ आणावा.’

‘माझ्या बापाचं नाव नका घेऊ,’ मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. त्या खोलीत तोवर फक्त एकच आवाज चढत असे.

त्यांनी शेंगदाण्यांची पुडी खिडकीत ठेवली. ‘मी तुम्हाला उभं केलं,’ त्या म्हणाल्या. त्यांनी हे कधीच म्हटलं नव्हतं. उपकाराचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो त्यांनाही ऐकू आला असावा, कारण पुढच्या क्षणी त्या म्हणाल्या, ‘बाहेर जा.’

मी बाहेर आलो. थोड्या वेळाने त्याही गॅलरीत आल्या. बाकावर सात-आठ माणसं होती. त्यांना पाहून सगळी उठून उभी राहिली, म्हातारीसुद्धा, भिंतीला हात टेकून. मॅडम म्हणाल्या, ‘बसा.’ कुणी बसलं नाही. ‘अहो, बसा ना,’ त्या पुन्हा म्हणाल्या, यावेळी बऱ्याच हळू. माणसं तशीच उभी, त्यांच्या जाण्याची वाट बघत. त्या वळून आत गेल्या. मागे दार लागलं तेव्हा सगळे बसले.

त्याच संध्याकाळी मी हे पत्र पाठवलं.

आदरणीय मॅडम,

सोमनाथच्या बाबतीतला अहवाल सही न करता परत पाठवत आहे. त्यात रुग्णाने भिडेपोटी लक्षणं लपवली असं वाक्य आहे. ते खरं नाही. त्याने ती भीतीपोटी लपवली, आणि ती भीती आपल्या विभागात तयार झाली. याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येणार नाही. त्याने आणि त्याच्या पत्नीने मला जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीने सोबत लिहून जोडलं आहे. या पत्राची प्रत मी उद्या नीतिसमितीला पाठवणार आहे. आपल्याला न सांगता पाठवली असं होऊ नये, म्हणून आधी आपल्याला.

बाकावरची माणसं नकार पाठ करून आत येतात. आपण तो खरा मानला, मीही मानला. सगळ्या चालू रुग्णांची संमती नव्याने घ्यावी, आणि ती आपण किंवा मी न घेता बाहेरच्या कुणीतरी, आपल्या खोलीपासून लांब बसून घ्यावी, असं मी समितीला सुचवत आहे. त्यामुळे काही रुग्ण चाचणी सोडतील. काम मागे पडेल, कंपनी चिडेल. आपण इतक्या वर्षांत उभं केलेलं यात मोडूही शकतं, याची मला कल्पना आहे.

आपण नसता तर मी आज घोटीत कुठल्यातरी दुकानात बसलो असतो. मी आपला ऋणी आहे आणि राहीन. आपल्याला हे वाक्य आवडणार नाही, तरी लिहितो आहे. पण त्या ऋणाची फेड सोमनाथच्या डोळ्यांनी करता येणार नाही.

मंगळवारी तो नजर तपासायला येणार आहे. आता दर वेळी वेगळा तक्ता लावतो. त्याला जे दिसत नाही ते त्याने आम्हाला सांगायला हवं. त्या वेळी आपण गॅलरीत नसलात तर बरं होईल.

आपला,
रामदास